बोअरच्या पाण्याचे डाग गाडीवरून काढताना: आधी विरघळवा, घासायचं नंतर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी हे हमखास बघायला मिळतं. गाडी धुऊन झालेली, मालक चहाला वर गेलेला आणि बॉनेटवरचं पाणी आपोआप वाळतंय. अर्ध्या तासाने तो खाली येतो तर गाडीवर पांढऱ्या कडांच्या गोलांची रांगोळी. मग ओलं फडकं येतं. त्याने जात नाहीत म्हणून कोरडं येतं. शेजारचे टूथपेस्ट सुचवतात, वॉचमन रॉकेल सुचवतो आणि शेवटी ॲक्सेसरीच्या दुकानातून रबिंग कंपाऊंडचा डबा येतो. संध्याकाळपर्यंत डाग बऱ्यापैकी गेलेले असतात. पण दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी बघितली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे. डाग पाण्याने पाडले होते, चरे मालकाने.

हे सगळं मी माझ्या गडद निळ्या गाडीवर करून बसलोय, कंपाऊंडसकट. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका, अशी आधीच विनंती. क्षार प्रथम विरघळवायचे. जे विरघळत नाहीत ते उचलायचे. घासायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही गरज उरली तरच. तांब्याच्या हंड्यावर पांढरा थर चढला की घरात आधी चिंच लावतात, नुसती घासणी घेऊन कोणी तुटून पडत नाही. गाडीचा रंग तर तांब्यापेक्षा कितीतरी नाजूक.

## आधी ओळख: डाग किती खोल आहे

ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गीझरच्या कॉइलवर खडूसारखा थर चढतो, त्याच पाण्याने आपण गाडी धुतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. थेंब वाळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कार्बोनेट उरतं, म्हणजे जवळपास खडूच. वाळणाऱ्या थेंबातला ऐवज कडेला सरकतो, म्हणून डाग ठिपक्यासारखा न दिसता बांगडीसारखा दिसतो. टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ८५० असलेल्या पाण्याच्या १० लिटरच्या बादलीत साडेआठ ग्रॅम क्षार असतात, चहाचा साधारण दीड चमचा. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या टँकरचं पाणी मीटरवर एवढंच दाखवतं. महापालिकेच्या नळाचं ११० दाखवतं. एकाच गाडीवर दोन पाण्यांचा फरक डोळ्यांनी दिसतो.

डाग तीन प्रकारचे असतात आणि उपाय त्यावरच ठरतो.

पहिला वरवरचा. आज-कालचा, बोटाने चोळला तर थोडी पांढरी पूड येते. हा नुसत्या शाम्पूच्या धुण्यात बराचसा निघतो.

दुसरा चिकटलेला. एक-दोन आठवडे उन्हात भाजलेला, किंवा एकावर एक चार धुण्यांचे थर. धुतल्यावरही तिथेच. त्यावरून बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते.

तिसरा खोल गेलेला. इथे क्षार उरलेलेच नसतात, रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, खाल्ला गेलेला असतो. बोटाला काही लागत नाही, पण तिरप्या उजेडात गोल बशीसारखा खोलगट ठसा दिसतो.

तपासणी: धुतलेल्या, थंड बॉनेटवर एका डागावर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. मिनिटभराने ओल्या मायक्रोफायबरने टिपा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. डाग गेला किंवा फिका झाला तर तो दुसऱ्या प्रकारचा. तसूभर हलला नाही तर तिसरा, नाहीतर सिलिका (वाळूतलं खनिज). आपल्याकडच्या काळ्या कातळातल्या बोअरच्या पाण्यात सिलिकाही असतं आणि व्हिनेगर त्याला काहीही करत नाही.

दोन गोष्टी हटकून चुकीच्या ओळखल्या जातात. बेसमेंट पार्किंगच्या स्लॅबमधून टपकणारं पाणी पांढरे ओघळ पाडतं. ते काँक्रीटमधला चुना घेऊन आलेलं असतं, फार अल्कधर्मी असतं आणि रंग लवकर खातं. दिसलं की त्याच दिवशी काढा, गाडीची जागाही बदला. दुसरं, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी ठेवली की बसणारा खारा थर. ते मीठ आहे, साध्या पाण्यात विरघळतं. त्यावर व्हिनेगर वाया घालवू नका, फक्त भरपूर पाण्याने धुवा.

## पायरी १: सामान आणि जागा

निम्म्या चुका इथेच होतात, कारण डाग दिसला की आपण हातात असेल ते घेऊन भिडतो. सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा:

- दोन बादल्या: एक शाम्पूची, एक हातमोजा विसळायची
- गाडीचा शाम्पू. भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर नको
- धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा
- पुसायला सहा-सात मायक्रोफायबर फडकी आणि वाळवायला एक मोठा जाड टॉवेल
- रंगहीन सिंथेटिक व्हिनेगरची बाटली, किराणा दुकानातली. यात साधारण ४ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं
- ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच
- नवीन स्प्रे बाटली, रबरी हातमोजे
- क्ले बार (रंगाला चिकटलेले कण उचलणारी मऊ, मातीसारखी वडी), पॉलिश, वॅक्स. हे लागतीलच असं नाही, पायरी ३ झाल्यावर ठरवा

जुनी बनियन, पंचा, अर्धी फाटलेली ओढणी बाजूला ठेवा. सुती कापड मऊ लागतं, पण ते कण पोटात घेत नाही, रंगावरून फिरवत राहतं. आणि जमिनीवर पडलेलं मायक्रोफायबर त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. झटकून चालत नाही.

जागा सावलीची हवी आणि गाडी थंड हवी. आत्ताच बाहेरून आला असाल तर बॉनेट इंजिनाने तापलेलं असतं. पाऊण तास थांबा. तळहाताची मागची बाजू पत्र्याला टेकवून बघा. ऊब लागली तरी थांबा. तापलेल्या पत्र्यावर व्हिनेगर काम करण्याआधीच वाळतं आणि स्वतःचा नवा डाग सोडतं.

सावध: खाली कोटा, शहाबादी किंवा संगमरवरी फरशी असेल तर गाडी हलवा. हे तिन्ही दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. जे व्हिनेगर गाडीवरचा डाग खातं ते फरशीचीही चमक खातं, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं.

## पायरी २: धुणं, पण डागांसाठी नव्हे

या धुण्याचा हेतू धूळ आणि वाळूचे कण काढणं एवढाच आहे. डाग निघाले तर उत्तम, पण त्यासाठी जोर लावायचा नाही.

आधी नुसत्या पाण्याने वरून खाली गाडी भिजवा आणि धूळ वाहू द्या. मग शाम्पूत भिजवलेला हातमोजा टपापासून सुरू करून सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही. प्रत्येक भागानंतर हातमोजा दुसऱ्या बादलीत विसळा. दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण खरा चिखल तिथे असतो. चाकांना वेगळं फडकं.

धुतलेली गाडी वाळवा. हो, आत्ताच. ओल्या गाडीवर कुठला डाग उरला आहे ते कळत नाही, आणि हे पाणीही त्याच बोअरचं आहे.

तपासणी: टॉर्च घेऊन टप, बॉनेट, डिकी आणि काचा बघा. डाग नसतील तर सरळ पायरी ६ वर जा. पुढचं काही करायची गरज नाही.

## पायरी ३: व्हिनेगरची घडी

या लेखातली कामाची पायरी ही. इथे घाई कराल तर पुढच्या दोन पायऱ्यांत तिची भरपाई रंगाला करावी लागेल.

एक भाग व्हिनेगर, एक भाग डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण करा. पातळ करायला बोअरचं पाणी घेऊ नका. थोडं का होईना, व्हिनेगर त्याच पाण्यातले क्षार खाण्यात खर्ची पडेल. तपकिरी, सफरचंदाचं किंवा मसाल्याचं व्हिनेगर नको. किराणातलं लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला १० ते २० ग्रॅम, हेही चालतं. पण कॅल्शियमबरोबर त्याचा जो क्षार बनतो तो पाण्यात फार कमी विरघळतो, व्हिनेगरचा सहज वाहून जातो. म्हणून माझी पसंती व्हिनेगरलाच. लिंबाची फोड थेट रंगावर घासणं तर बिलकूल नको. सालीचा खरखरीतपणा, बिया, रस किती आंबट याचा पत्ता नाही, आणि वाळलेली साखर वर चिकटते ती वेगळीच.

क्रम असा ठेवा:

१. एका वेळी एकच भाग घ्या: अर्धं बॉनेट, किंवा एक दरवाजा. अख्ख्या गाडीवर फवारा मारून मग पुसायला घेणारे इथेच फसतात.

२. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा. दरवाज्याच्या आतल्या कडेवर मिनिटभर ठेवा आणि धुवा. पुन्हा रंगकाम केलेल्या जुन्या गाडीत हे टाळूच नका.

३. मायक्रोफायबर मिश्रणात भिजवा, थोडं पिळा आणि डागांवर पसरवून ठेवा. ताप आल्यावर कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवतात, अगदी तशी. आडव्या भागावर ती आपोआप बसते, उभ्या दरवाज्यावर हाताने धरा.

४. एक ते दोन मिनिटं. त्यापेक्षा जास्त नाही, आणि मधे वाळू तर मुळीच द्यायचं नाही. वाळतंय असं वाटलं तर वरून थोडं मिश्रण शिंपडा.

५. घडी उचला, तिच्या स्वच्छ बाजूने एकाच दिशेने हलकेच पुसा. चोळायचं नाही. हात एवढा हलका हवा की फडकं आपल्या वजनाने सरकतंय असं वाटावं.

६. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि त्या भागावर शाम्पूचा हात फिरवा. पुन्हा धुवा, वाळवा, मग टॉर्चने बघा.

डाग फिका झाला पण गेला नाही, तर हीच पायरी आणखी एकदा. फार तर तीनदा. तिसऱ्या वेळी काही फरक पडला नाही तर डाग क्षाराचा राहिलेला नाही, चौथ्यांदाही पडणार नाही. माझ्या गाडीच्या टपावर दुसऱ्या फेरीत बहुतेक सगळे गेले होते. बॉनेटवरचे मात्र हट्टी, कारण इंजिनाच्या उष्णतेने ते रोज भाजले जात होते.

सावध: संडास-बाथरूमच्या फरशीसाठी मिळणारं ॲसिड गाडीजवळ आणू नका. ते बहुधा हायड्रोक्लोरिक असतं. डाग चटकन जातो खरा, पण क्रोम काळवंडतं आणि दगड उडून रंग गेलेल्या जागी गंज धरतो. ब्लीचच्या जुन्या बाटलीत व्हिनेगर भरणंही धोक्याचं आहे. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, बंद पार्किंगमध्ये तर विशेष वाईट. आणि खाण्याच्या सोड्याने ॲसिड मारायचं म्हणून सोडा रंगावर चोळू नका, ती पूड चरे पाडते. शाम्पूचं पाणी पुरेसं आहे.

आणखी एक: व्हिनेगरने जुनं वॅक्स कमजोर होतं किंवा निघून जातं, म्हणून पायरी ६ सोडता येत नाही. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवलेला कडक संरक्षक थर) किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) असेल तर कोटिंग करणाऱ्याने सांगितलेलं वॉटर स्पॉट रिमूव्हर वापरा. दुकानात तयार मिळणारी ही रिमूव्हरही मुळात आम्लच. वापरण्याची रीत हीच, वेळ मात्र बाटलीवर लिहिलेली.

## पायरी ४: क्ले, फक्त खरखर उरली असेल तर

प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून धुतलेल्या रंगावरून बोटं फिरवा. नुसत्या बोटाला न जाणवणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. गुळगुळीत लागलं तर ही पायरी सोडा.

खरखर असेल तर क्ले बारचा लाडूएवढा नव्हे, बोराएवढा तुकडा घ्या, चपटा करा. रंगावर क्लेचं लुब्रिकंट किंवा पातळ शाम्पूचं पाणी भरपूर मारा आणि क्ले सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा. सुरुवातीला तो अडखळतो, मग अचानक घसरायला लागतो. तिथलं काम झालं. दर दोन-तीन हातांनंतर क्ले दुमडून नवी बाजू वर आणा. खाली पडला तर कचऱ्यात टाका. किंमत आठवून उचलायचा मोह होतो, पण त्यात रुतलेला एक वाळूचा कण अख्ख्या दरवाज्यावर रेघ ओढतो.

व्हिनेगरच्या आधी क्ले वापरणं ही माहीतगार लोकांचीही चूक असते. क्षाराचे कडक कण क्लेमध्ये अडकतात आणि मग तोच क्ले पॉलिशपेपर बनतो.

## पायरी ५: पॉलिश, खोल डागांसाठी

इथे आपण डाग काढत नसतो. डागाच्या आजूबाजूचा क्लिअर कोट किंचित खाली आणून खड्डा सपाट करत असतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतात, त्यात क्लिअर कोट ४०-५०. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. ही शिल्लक दर पॉलिशला थोडी कमी होते आणि परत भरत नाही. म्हणून फिका, फक्त टॉर्चमध्ये दिसणारा डाग मी तसाच सोडतो. पाच फुटांवरून दिसत नाही, गाडीला त्रास नाही, मग कशाला?

मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश लावूच नका, तिथे चमकदार चट्टा कायमचा राहतो.

बाकीच्यांसाठी: मास्किंग टेपने फूटभर चौकोन आखा आणि आधी तेवढ्यातच करून बघा. टेपने प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि रबरही झाका, काळ्या प्लॅस्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरं राहतं. बारीक फिनिशिंग पॉलिश घ्या. पेंटरच्या दुकानातलं रबिंग कंपाऊंड त्याहून बरंच भरड असतं. ते घासकाम झालेल्या पॅनेलसाठी आहे, आपल्यासाठी नाही. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके, मध्यम दाब, एकावर एक येणारे हात, आधी आडवे मग उभे. दोन-तीन मिनिटांनी पुसा, बघा.

हाताने केलं तर वेळ लागतो, खांदे भरून येतात. पण हाताने क्लिअर कोट जाळणं जवळपास अशक्य आहे. ड्युअल ॲक्शन मशीन (फिरता फिरता डोलणारं पॉलिशचं मशीन) असेल तर कमी वेगात पॉलिश पसरवा, मग वेग वाढवून सावकाश फिरवा, दीड-दोन फुटांच्या पट्ट्यातच. बॉनेटची धार, दरवाज्याची कड, चाकावरची उंच रेघ या जागी रंग सगळ्यात पातळ असतो. तिथे मशीन न्यायचं नाही. भाड्याने मिळणारं साधं रोटरी ग्राइंडर आणि पहिलीच वेळ, हे दोन्ही एकत्र आणू नका.

तपासणी: पॉलिशमधलं तेल डाग लपवतं. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात १० ते १५ टक्के करून तो चौकोन पुसा आणि मगच टॉर्च मारा. तेल गेल्यावरही रंग स्वच्छ दिसला तर उरलेला भाग घ्या. दोन फेऱ्यांनंतरही डाग जसाच्या तसा असेल तर थांबा. यापुढचं काम रंगाची जाडी मोजायचं यंत्र असलेल्या डिटेलरचं, म्हणजे गाडीची बारीक सफाई-पॉलिश करणाऱ्याचं. काम देण्याआधी तो यंत्र लावून दाखवतोय का ते बघा. न मोजता "होऊन जाईल साहेब" म्हणणाऱ्याकडून गाडी परत न्या.

## पायरी ६: वॅक्स किंवा सीलंट

स्वच्छ, कोरड्या, थंड रंगावर. पातळ थर, एकेक भाग, धूसर झाला की पुसून काढायचा. जाड थराने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना जास्त घाम निघतो.

वॅक्स लावलं की पाण्याचे डाग पडणारच नाहीत, हा गैरसमज मात्र काढून टाका. उलट पाण्याचे टपोरे थेंब बनून उभे राहतात आणि वाळू दिले तर प्रत्येक थेंब आपली बांगडी सोडतो. फरक एवढा की ती रंगावर नसते, वॅक्सवर असते, आणि पुढच्या धुण्यात निघते. सिरॅमिक कोटिंगलाही हेच लागू आहे, विकणारा काहीही म्हणो.

पाच मिनिटांत चमक देणारे सिलिकॉनचे स्प्रे डाग झाकतात, काढत नाहीत. आठवड्याने डाग परत दिसले की लोक म्हणतात, "पुन्हा पडले." ते गेलेच नव्हते.

## काचा

काचेवर व्हिनेगरची घडी थोडी जास्त वेळ चालते, पाच मिनिटांपर्यंत; तरीही वाळू द्यायची नाही, आणि खाली बॉनेटवर ओघळ आला तर लगेच धुवायचा. जे उरतील त्यांना काचेसाठीचं सेरियम ऑक्साइडचं पॉलिश लागतं. रंगाचं पॉलिश काचेवर जवळपास काहीच करत नाही, आणि सेरियमचं रंगावर लावायचं नाही. काळी फिल्म आतून लावलेली असते, त्यामुळे बाहेरून काम करायला हरकत नाही.

## पायरी ७: पुढच्या रविवारी पाणी वाळू न देणं

डाग काढायला चार तास गेले असतील तर हे वीस मिनिटांचं काम मनापासून शिका.

कुठलं पाणी: निवड असेल तर नळाचं. नसेल तर धुवा बोअरनेच, पण शेवटचं विसळणं चांगल्या पाण्याने करा. एसीच्या नळीखाली बादली ठेवा. ते हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी आहे, त्यात क्षार जवळजवळ नसतात. सुती कापडातून गाळून घ्या आणि त्याच दिवशी वापरा, साठवलं तर डास होतात. छोट्या गाडीला ५-६ लिटर पुरतात.

आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी गाडीसाठी जपून ठेवणारी बरीच घरं मला माहीत आहेत. भावना चांगली, पाणी चुकीचं. यंत्राने तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार याच पाण्यात येतात, म्हणजे ते मूळ बोअरपेक्षाही जड. त्याने फरशी पुसा, संडासात ओता.

सोसायटीला सॉफ्टनर असेल तर टीडीएस मीटर बघून निराश होऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे आकडा उतरत नाही. डागही पडतात. पण सोडियमचे क्षार पाण्यात विरघळतात, ओल्या फडक्याने निघतात. कॅल्शियमसारखे चिकटून बसत नाहीत.

वेळ: सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. एप्रिल-मेमध्ये सकाळीही अख्खी गाडी एकदम धुऊ नका. टप आणि एक बाजू धुवा, वाळवा, मग दुसरी बाजू. मधल्या वेळात शाम्पू कुठे वाळत असेल तर त्यावर पाणी मारत राहा.

शेवटचं पाणी: पाइपचा नोझल काढून टाका. टपाच्या मध्यावर पाइप जवळ धरून पाणी सावकाश सोडा. फवाऱ्याने हजारो थेंब उभे राहतात. सरळ धारेने पाण्याची चादर बनते आणि जाताना बरंचसं पाणी सोबत घेऊन जाते. पुसायला निम्मंच उरतं.

पुसणं: जाड टॉवेल उलगडून पत्र्यावर पसरवा आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढा. टप, काचा, बॉनेट, डिकी, मग बाजू. घासायचं नाही, फक्त ओढायचं. टॉवेल जड झाला की बदला.

रोज पहाटे गाडी पुसणारे दादा एकाच बादलीत दहा गाड्या करतात. त्यांचा दोष नाही, एवढ्या पैशांत तेवढंच होतं. मी त्यांना दोन मायक्रोफायबर दिलेत आणि सांगितलंय की रोज ओलं फडकं नको. आठवड्यातून दोनदा आधी पाणी मारून धुवा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपा. सुरुवातीला त्यांना हा आळशीपणा वाटला. आता शेजारच्या गाडीलाही तसंच करतात.

वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांखाली आणि लॉनच्या स्प्रिंकलरजवळ गाडी लावू नका. धुतलेल्या गाडीवर मधे कधीतरी असे थेंब पडले तर घरी आल्या आल्या डिस्टिल्ड पाण्याने ओलं केलेलं फडकं ठेवून टिपा, संध्याकाळची वाट बघू नका.

सगळं पुसून झाल्यावर आरसे, दाराची हँडल, पेट्रोलचं झाकण, नंबर प्लेटची कड आणि मागचे दिवे यांच्या फटीत पाणी लपलेलं असतं. गाडी सोसायटीला एक चक्कर मारून आणा, दोनदा जरा जोरात ब्रेक दाबा. मग आरशाखालून दरवाज्यावर जे ओघळ येतील ते टिपा, चारही दरवाजे आणि डिकी उघडून आतल्या कडा पुसा, आणि नंतर चहाला जा.